आधी फोन, मग कार्यालय: महाविद्यालयाच्या आवारातला आणीबाणीचा प्रसंग कसा ओळखावा आणि मदत कशी मिळवावी

परीक्षेच्या वर्गात तिसऱ्या बाकावरचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर डोके टेकवून पडलेला दिसला, तर पर्यवेक्षकाच्या मनात पहिला विचार येतो तो रात्रीच्या जागरणाचा, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. पण त्या विद्यार्थ्याला लहानपणापासून मधुमेह असेल, सकाळी इन्सुलिन घेऊन काहीही न खाता तो गर्दीच्या लोकलने कळव्याहून ऐरोलीला आला असेल आणि हाक मारल्यावर घामाने भिजलेला चेहरा वर करून काहीतरी असंबद्ध पुटपुटत असेल, तर ती झोप नव्हे. त्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असते. दोन्ही दृश्ये पाच पावलांवरून अगदी सारखी दिसतात. फरक कळतो तो जवळ जाऊन खांद्याला हात लावल्यावर.

आणीबाणी म्हणजे रक्त, आरडाओरडा आणि धावपळ, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. प्रत्यक्षात जिवावर बेतणाऱ्या बऱ्याच घटना शांतपणे सुरू होतात, आणि त्यामुळेच त्या हातच्या निसटतात. ओळखण्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. माणूस हाकेला नेहमीसारखा प्रतिसाद देतो आहे का, त्याचा श्वास सुरळीत चालू आहे का आणि त्याची अवस्था मिनिटागणिक बिघडते आहे का, एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. यांपैकी एकाचेही उत्तर काळजीचे असेल, तर आजाराचे नाव शोधत बसण्याचे कारण नाही. नाव डॉक्टर शोधतील. शंका खोटी ठरली, तर रुग्णवाहिका परत जाते. शंका खरी असून आपण थांबलो, तर गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

विलंब कुठे होतो

महाविद्यालयात मदत उशिरा पोहोचण्याचे कारण बहुधा अज्ञान नसून पायरीपायरीने विचारण्याची सवय हे असते. विद्यार्थी शिक्षकांना सांगतो, शिक्षक विभागप्रमुखांना शोधतात, विभागप्रमुख उपप्राचार्यांच्या केबिनबाहेर थांबतात, आणि ‘आधी पालकांना कळवा’ असे ठरेपर्यंत दहा मिनिटे उलटलेली असतात. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. संस्थेची बदनामी होईल, उगाच गाजावाजा होईल, आपल्यावर जबाबदारी येईल, अशी एक अस्पष्ट धास्ती सर्वांच्या मनात असते. आणीबाणीचा क्रमांक फिरवायला मात्र कुणाचीही परवानगी लागत नाही. अकरावीतल्या मुलीने फोन केला तरी तो प्राचार्यांनी केलेल्या फोनइतकाच ग्राह्य असतो. कार्यालयाला कळवणे आवश्यक आहेच, पण ते फोन लागल्यानंतरचे काम आहे, आणि शक्यतो ते दुसऱ्या कुणी करावे.

गर्दीत आणखी एक गोष्ट घडते. शंभर जण भोवती उभे असले, की कुणीतरी फोन केला असेलच, असे प्रत्येकाला वाटते. म्हणून ‘कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा’ असे ओरडण्याऐवजी एकाकडे बोट दाखवावे: ‘निळ्या शर्टातले तुम्ही, 108 ला फोन करा आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा.’ नेमके सांगितले की माणूस हलतो.

कोणता क्रमांक, आणि काय सांगायचे

पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या तिन्हींसाठी देशभर 112 हा एकच क्रमांक आहे, त्यामुळे घाबरलेल्या अवस्थेत एवढा एक आठवला तरी पुरे. केवळ रुग्णवाहिका हवी असेल, तर महाराष्ट्रात 2014 पासून 108 ही विनामूल्य सेवा चालू असून तिच्या गाडीत डॉक्टर असतो. अग्निशमन दलाचा 101 आपल्याला शाळेपासून पाठ असतो. नेरुळ, जुईनगर किंवा ठाणे स्थानकाच्या फलाटावर किंवा गाडीत काही घडले, तर रेल्वेचा 139 अधिक उपयोगाचा. बहुतेक मोबाइलवर चालू-बंदचे बटण लागोपाठ तीन किंवा पाच वेळा दाबल्यावर आणीबाणीचा फोन लागतो. आपल्या फोनमध्ये ती सोय कशी आहे, ते निवांत वेळी सेटिंग्जमध्ये पाहून ठेवावे.

खरी अडचण पत्ता सांगताना येते. 112 चा फोन राज्याच्या केंद्रात उचलला जातो आणि उचलणाऱ्या व्यक्तीला आपला परिसर ओळखीचा असेलच असे नाही. नवी मुंबईत तर प्रत्येक नोडचे, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगराचे, सेक्टर नव्याने एकपासून सुरू होतात, त्यामुळे ‘सेक्टर 10’ वाशीतही आहे, नेरुळमध्येही आहे, ऐरोलीतही आणि खारघरमध्येही. नोडचे नाव न सांगता नुसता सेक्टर सांगितला, तर गाडी खाडीच्या या टोकाला आणि रुग्ण त्या टोकाला, असे होऊ शकते. खारघरची आणखी एक गंमत अशी, की ते राहणाऱ्यांच्या बोलण्यात नवी मुंबई असले, तरी जिल्हा रायगड आणि महापालिका पनवेल. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. हद्दीचा हा गुंता सोडवण्याची जबाबदारी फोन करणाऱ्याची नाही, ती यंत्रणेची आहे. आपण नोड, सेक्टर, महाविद्यालयाचे नाव, इमारत, मजला आणि जवळची ठळक खूण एवढे सांगितले की पुरे.

ठाण्यात सेक्टर नाहीत, नाके आहेत. घोडबंदर रस्त्यावरच्या महाविद्यालयातून बोलताना ‘मानपाड्याजवळ’ एवढे सांगणे अपुरे ठरते, कारण गाडी कापूरबावडीकडून आली आणि वळण चुकले, तर तिला पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन फिरून यावे लागते. महाविद्यालय रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, उड्डाणपुलावरून यायचे की खालून आणि कोणते फाटक उघडे आहे, या तीन गोष्टी सांगितल्या तर बराच वेळ वाचतो. फाटकाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अनेक आवारांत सायंकाळनंतर एकच फाटक उघडे असते आणि नकाशावरचे ॲप चालकाला नेमके बंद फाटकाशी आणून सोडते. म्हणून एकाने फाटकावर उभे राहावे, दुसऱ्याने लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवावी. फोन आपण आधी ठेवू नये. समोरच्याचे प्रश्न संपेपर्यंत बोलत राहावे, आणि चुकून 112 लागलाच तर तो कापून टाकण्याऐवजी चुकून लागल्याचे सांगावे, म्हणजे ते पुन्हा फोन करत बसणार नाहीत.

जिवाचा प्रश्न असतो तेव्हा

सर्वांत कमी वेळ मिळतो तो हृदय अचानक थांबल्यावर. जिमखान्यात खेळणारा विद्यार्थी, जिना चढून आलेले प्राध्यापक किंवा भर उन्हात उभा असलेला सुरक्षारक्षक, कुणीही कोसळू शकतो. खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल, किंवा मासा पाण्याबाहेर तडफडावा तसे मधूनमधून गचके येत असतील, तर हृदय थांबले आहे असेच समजावे. ते गचके म्हणजे श्वासोच्छ्वास नव्हे; ‘श्वास चालू आहे’ असे म्हणून लोक थांबतात आणि तिथेच घात होतो. मेंदूला रक्त मिळाले नाही, तर चार ते सहा मिनिटांत त्याची हानी सुरू होते, आणि आपल्याकडच्या रहदारीत एवढ्यात रुग्णवाहिका येणे कठीण. त्यामुळे ती येईपर्यंत आपल्या हातांनीच रक्त फिरवत ठेवायचे असते. माणसाला कडक जमिनीवर उताणे झोपवावे, छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून कोपरे ताठ ठेवावीत आणि मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल एवढ्या जोराने दाबत राहावे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दाबणारा दमतो आणि दमल्याचे त्याला कळत नाही. बरगडी मोडेल या भीतीने हात आखडू नये. बरगडी सांधता येते. आवारात एईडी हे विजेचा झटका देणारे यंत्र असेल, तर ते उघडून चालू केले की पुढच्या सूचना ते स्वतःच बोलून देते. ते कुठे ठेवले आहे हे मात्र आधीच माहीत हवे, आणि ते प्राचार्यांच्या कुलूपबंद कपाटात असेल तर नसल्यासारखेच आहे.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अंगाला दरदरून घाम, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे शिक्षकांत आणि कर्मचाऱ्यांत दिसली, की आपल्याकडे हमखास ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणून थंड दूध किंवा सोड्याची बाटली पुढे केली जाते. त्या माणसाला जिन्यावरून चालवत नेऊ नये, स्वतःच्या दुचाकीवर बसवून तर मुळीच नेऊ नये. एका बाजूला तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे आणि जीभ जड होणे ही पक्षाघाताची खूण. त्यात रक्ताची गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावी.

आकडी येणे हा महाविद्यालयात वारंवार घडणारा आणि सर्वाधिक चुकीच्या पद्धतीने हाताळला जाणारा प्रसंग. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाशी धरतो, कुणी दातखीळ सोडवायला चमचा घालतो आणि चारजण हातपाय दाबून धरतात. यातले एकही करायचे नसते. कांद्याने आणि चपलेने आकडी थांबत नाही. ती साधारण दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय मात्र चपलेला मिळते. आजूबाजूची बाके सरकवावीत, डोक्याखाली ओढणी किंवा मऊ पिशवी ठेवावी, घड्याळ पाहावे आणि झटके थांबल्यावर माणसाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ घशात जाणार नाही. आकडी पाच मिनिटांहून जास्त टिकली, एक संपण्याआधी दुसरी सुरू झाली, डोक्याला मार लागला किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर 108.

साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर त्याला साखर, ग्लुकोज किंवा गोड सरबत द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. दमा असलेल्या विद्यार्थ्याला एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता येत नसेल, तर इन्हेलर शोधत असतानाच फोन लावावा.

उन्हाचे वेगळे सांगायला हवे, कारण आपण किनाऱ्यालगतचे लोक उष्माघात हा विदर्भाचा आजार समजतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरमध्ये उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्णतेने 14 जणांचा मृत्यू झाला, आणि त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीराला थंड होण्याचा मार्गच उरत नाही. क्रीडा स्पर्धा, एनसीसीची कवायत आणि प्रवेशाच्या रांगा या दृष्टीने पाहाव्यात. नुसती भोवळ आलेला माणूस सावलीत आडवा केल्यावर मिनिटाभरात भानावर येतो. ज्याचे अंग तापलेले आहे आणि जो गोंधळल्यासारखा बोलतो आहे, त्याला उष्माघात झाला आहे असे धरून रुग्णवाहिकेची वाट पाहतानाच थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा, मानेला आणि काखेत बर्फ ठेवावा.

येऊरच्या पायथ्याशी, पारसिकच्या किंवा खारघरच्या डोंगराला लागून असलेल्या आवारांत पावसाळ्यात साप निघतात. मण्यार रात्री चावते आणि चावल्याची जागा फारशी दुखतही नाही. वसतिगृहात जमिनीवर झोपलेला विद्यार्थी पहाटे पोटदुखी आणि जड झालेल्या पापण्या घेऊन उठला, तर ही शक्यता मनात असावी. चावलेला भाग न हलवता थेट मोठ्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात न्यावे, कारण प्रतिविष हाच एक उपाय आहे. दोरी आवळणे, चिरा पाडणे, विष चोखणे यांत फक्त वेळ आणि रक्त जाते.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत गेले, तर नळाखाली किमान 20 मिनिटे सलग धुवावे. आम्लावर अल्कली ओतून ‘उदासीनीकरण’ करण्याचा पुस्तकी मोह आवरावा. कँटीनमध्ये गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, बाहेर पडून मग फोन करावा. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात, म्हणून खाली वाकून चालावे आणि लिफ्टच्या वाटेला जाऊ नये. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीशेजारच्या महाविद्यालयांनी वायुगळतीचाही विचार करून ठेवावा: वारा कुठून येतो ते पाहावे आणि त्याला आडवे चालत दूर जावे.

गर्दी

महोत्सवाच्या संध्याकाळी नामांकित गायक येणार असतो आणि सभागृहाच्या दारात रेटारेटी सुरू होते. 25 नोव्हेंबर 2023 रोजी कोचीच्या विद्यापीठ आवारात अशाच एका कार्यक्रमाआधी, पाऊस आल्यामुळे बाहेरची माणसे आत घुसू लागली आणि पायऱ्यांवरच्या चेंगराचेंगरीत चौघांचा मृत्यू झाला. धोक्याची खूण सोपी आहे. आजूबाजूच्यांचे खांदे आपल्या खांद्यांना सर्व बाजूंनी भिडले आणि आपण न चालताही सरकू लागलो, की तिथून निघायला हवे, आणि प्रवाहाच्या विरुद्ध न जाता तिरके सरकत कडेला जावे. हात छातीपुढे मुष्टियोद्ध्यासारखे धरले, तर फुप्फुसांना फुगायला जागा राहते. खाली पडलेली वस्तू, मग तो फोन का असेना, उचलायला वाकू नये.

न दिसणारी आणीबाणी

निकालाच्या आठवड्यात, प्रेमभंगानंतर, छळ सोसताना किंवा काही कारण दिसत नसतानाही एखादा विद्यार्थी जगणे संपवण्याच्या विचारापर्यंत येतो. तो बहुधा काही ना काही खुणा देतो: आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे बोलणे, निरोपासारखा स्टेटस ठेवणे, किंवा अनेक दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी अनाकलनीय शांत होणे. अशा वेळी आडवळणाने चौकशी करण्यापेक्षा सरळ विचारावे, ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे विचारल्याने विचार मनात पेरला जातो, हा समज खोटा आहे. उलट विचारल्यावर अनेकांना मोकळे वाटते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नये आणि ‘कुणाला सांगू नकोस’ हे वचन देऊ नये. मैत्रीत गुपित पाळण्याला मोल असते, पण हे गुपित पाळण्याचे नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते; प्रयत्न झालेला असेल किंवा होण्याच्या बेतात असेल, तर 112 किंवा 108. पोलीस केस होईल म्हणून रुग्णालयात न नेणे ही फार जुनी आणि घातक भीती आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले आहे.

छळाचीही आणीबाणी असते. कुणी पाठलाग करत असेल, खोलीत कोंडले असेल, मारहाण चालू असेल, तर महाविद्यालयाच्या तक्रार समितीकडे अर्ज नंतर, 112 आधी. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. महाराष्ट्रात तर 1999 पासून स्वतंत्र कायदा असून तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुखही त्यात दोषी ठरू शकतो. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला या कारणावरून पोलीस ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही, त्यामुळे वाशीत घडलेल्या घटनेची नोंद ठाण्यात करता येते. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी अठराच्या आतले असतात, हे आपण त्यांना ‘कॉलेजचे’ म्हणताना विसरतो. त्यांच्यासाठी 1098 ही बालकांची मदतवाहिनी आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग टाकणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

रुग्णालयाच्या दारात

महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर, घोडबंदर किंवा शीव-पनवेल महामार्गावर अपघात झाला आणि आपण जखमीला रुग्णालयात पोहोचवले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ नुसार आपल्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांच्या आणि कायद्याच्या सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार रोखून धरता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही दारात प्रश्न विचारले जातातच, आणि विद्यार्थ्याला कोणता आजार आहे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, घरचा क्रमांक काय, हे सोबत गेलेल्या मित्राला माहीत नसते. फोन कुलूपबंद असतो. मोबाइलच्या कुलूपबंद पडद्यावरही दिसेल अशी वैद्यकीय माहिती भरण्याची सोय बहुतेक फोनमध्ये आहे आणि ती भरायला पाच मिनिटे लागतात. ज्यांना ते जमत नसेल, त्यांनी ओळखपत्राच्या पाठीमागे रक्तगटाखाली एक ओळ हाताने लिहावी: आजार, औषध, आणि दिवसा हमखास फोन उचलणाऱ्या एका माणसाचा क्रमांक.